राणीच्या बागेतली उर्वशी

मुलांनो, राणीची बाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? वाघ, पाणघोडा आणि आता पेंग्विन! आमच्या गणेशपुरीची मुलंही एसटीने ठाणे, पुढे लोकलने भायखळा गाठतात आणि फाटकातून थेट पिंजऱ्यांकडे सुसाट सुटतात. वाटेत उभ्या असलेल्या झाडांकडे बघतो कोण?

खरं म्हणजे १८६२ मध्ये ही बाग खुली झाली ती झाडांसाठी. प्राणिसंग्रहालय नंतर आलं. त्या काळी इंग्लंडातल्या उमरावांना आपल्या हवेलीभोवती देशोदेशींची झाडं लावायचा भारी नाद होता. तीच तऱ्हा इकडेही आली. बागेला नाव मिळालं व्हिक्टोरिया राणीचं. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे.

इथल्या उर्वशीची गोष्ट ऐका. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं, म्हणजे आजच्या म्यानमारमधलं. त्याच्या फुलांची कीर्ती ऐकून डेव्हनशायरच्या ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला जहाजाने थेट कोलकात्याला धाडलं! १८३७ मध्ये गिब्सन रोप घेऊन परतला. चॅट्सवर्थ या ड्यूकच्या हवेलीत, काचेच्या ऊबदार घरात त्याचे खूप लाड झाले. पण फूल काही येईना. शेवटी १८४९ मध्ये ते फुललं, तेही लंडनजवळच्या लॉरेन्सबाईंकडे! पहिला घोस त्यांनी व्हिक्टोरिया राणीला नजर केला.

आणि आपल्या भायखळ्याला? ना काचघर, ना शेकोटी. उघड्यावर लालभडक, पिवळ्या ठिपक्यांचे घोस झुंबरासारखे लोंबतात. कोवळी पानं तर ओल्या रुमालांसारखी लटकतात. थंडी सरताना गेलात तर फुलं दिसायची शक्यता जास्त.

तानसेच्या खोऱ्यातली आमची मुलं मोह, पळस, साग लांबूनच ओळखतात. पण कैलासपतीची फुलं थेट बुंध्यावर बघून तीही थबकतात! आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेला तर किती जणांनी मिळून मिठी मारायची, यावर पैज लागते.

हा ठेवा मध्यंतरी धोक्यात आला होता, बरं का. २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायचा मोठा आराखडा निघाला. झाडांवर गदा येणार म्हणून काही मुंबईकर उभे राहिले. त्यात बायका पुढे होत्या. त्यांनी बाग पायाखाली घातली, झाडांच्या नोंदी केल्या, लोकांना नावानिशी झाडं दाखवली. तो आराखडा मागे पडला. म्हणून आज तिथे तीन हजारांवर झाडं मोजता येतात.

पालकांनो, बुधवारी मात्र जाऊ नका, बाग बंद असते.