मरुभूमी आणि माणूस : ओरणाची नोंद

कालव्याच्या पाण्याने नांगराखाली गेलेल्या सेवण गवताच्या कुरणांचा हिशेब आज पुरा करावयाचा होता. परंतु सोलापूरच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न इतका मूलगामी आहे की, कालवा पुढील लेखांकावर गेला तरी चालेल. जैसलमेरकडील ओरण आणि आपल्या सह्याद्रीतील देवराई या दोन्ही देवाच्याच नावाने राखलेल्या असतील, तर एकीच्या संरक्षणाचा नियम दुसरीला का लावू नये, असे ते विचारतात.

दोहोंतील भेद पावसाने घातला आहे. विपुल पर्जन्याच्या सह्याद्रीत वाळकी काटकीही उचलू नये, असा दंडक अनेक गावांनी देवराईपुरता पाळला. ओरणात मात्र कुऱ्हाड आणि नांगर वर्ज्य असले तरी गाई, मेंढ्या आणि उंट यांना मज्जाव नाही. जेथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटर पाऊस पडण्याचीही शाश्वती नाही, तेथे पिकापेक्षा चराईचाच भरवसा अधिक, आणि ती चराई पेलणारे सेवण बहुवर्षायू आहे: ठोंब शाबूत असेल तर, वरून वाळून गेले तरी, पुढच्या सरीला ते पुन्हा फुटते. गुरांच्या तोंडी गेलेले सेवण परत येते. यंत्राने उखडलेले मात्र सहजी परत येत नाही.

असे असूनही यातील पुष्कळ जमीन महसुली दप्तरात ‘सिवाय चक’ किंवा ‘बंजर’ या सदरांखाली पडून राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असलेल्या गावाच्या हाती सनद नाही, आणि सौर प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्यास शंभर खातेदारांशी बोलणी करण्यापेक्षा सरकारी पडीक म्हणून नोंदलेला सलग टापू एका हुकुमाने मिळणे सोयीचे! देगराय मातेच्या ओरणातही नोंदीत आलेल्या आणि नोंदीबाहेर राहिलेल्या जमिनीचा हाच तंटा आहे.

येथे खडिनाचा विचार केल्यावाचून राहवत नाही. जैसलमेरच्या पालीवालांनी नावारूपास आणलेल्या या पद्धतीत खडकाळ उतारावरचे पाणी सखल भागी बांध घालून अडवितात आणि मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेतात. तो उतार, म्हणजे तेथील लोकांचा आगोर, सपाट करून त्यावर तावदाने उभारली, तर पाण्याची वाट मोडते आणि प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचे शेत कोरडे पडते. मोबदल्याच्या कागदात त्या शेताचा उल्लेखही नसतो. सूर्यापासून वीज घेण्यास माझा विरोध नाही, उलट ती हवीच. पण कालव्याच्या पाझराने क्षारपड झालेली रानेही त्याच मुलखात आहेत, त्यांचा विचार आधी व्हावा.

18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची प्रत्यक्ष आणि उपग्रहाद्वारे मोजणी करून त्यांना वन म्हणून वर्गीकृत करण्याचे निर्देश दिले, हे स्वागतार्हच आहे. तथापि त्याच वर्षाच्या प्रारंभी राज्य शासनाने ओरणांना वनाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पशुपालकांनी हरकती घेतल्या होत्या. वनखात्याची हद्द पडली की आपल्या कळपांना अटकाव होईल, ही त्यांची धास्ती. ती मला रास्त वाटते, आणि वाचकांच्या प्रश्नाचे उत्तरही तीतच आहे: देवराईचा कडेकोट नियम ओरणाला लावला, तर ज्यांनी ते राखले तेच बाहेर पडतील. म्हणून वनाची नोंद होईल त्याच फर्दीवर गावाचा चराईचा आणि पाणवठ्याचा हक्कही चढविला पाहिजे, आणि मोजणीच्या वेळी अमीनासोबत गावचे गुराखी हजर असले पाहिजेत. आगोराची खरी सीमा त्यांना ठाऊक आहे.