एकशे दहा काटक्यांची साक्ष

सायकल ही कष्टकऱ्याची गाडी. कामावर जाणारा बाप, शाळेला जाणारी मुलगी, दारोदार भाजी विकणारा भाऊ, सगळ्यांना तिचा आधार. पण याच सायकलच्या टायरसाठी सव्वाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका मुलखात माणसांचे हात तोडले जात होते, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितले नाही. ‘युरोपीय राष्ट्रांनी आफ्रिका खंड आपसात वाटून घेतला’ असे एक वाक्य पुस्तकात येते आणि धडा पुढे सरकतो. त्या एका वाक्यात किती माणसे गाडली गेली ते घरातल्या लहानथोरांना कळावे, म्हणून आज आम्ही कांगोची हकिगत वाचकांपुढे ठेवत आहोत.

कारखान्यांची भूक

एकोणिसाव्या शतकात युरोपात वाफेची यंत्रे धडधडू लागली. कारखान्याला कच्चा माल लागतो, तयार माल घेणारे गिऱ्हाईक लागते, आणि मालकाजवळ साठलेला पैसा पुन्हा गुंतवायला जागा लागते. या तिन्ही गोष्टी घरात पुरेनात, तेव्हा दुसऱ्याच्या घराकडे डोळे लागले. त्यातच प्रत्येक राष्ट्राला शेजाऱ्याचा धाक होता. आपण घेतले नाही तर तो घेईल! १८७० साली आफ्रिकेचा जेमतेम दहावा हिस्सा युरोपच्या ताब्यात होता. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया हे दोन देश सोडले तर जवळजवळ सारा खंड गिळला गेला होता.

एवढ्या झपाट्याने हे कसे झाले? गोरे लोक जास्त शूर होते म्हणून नव्हे. हिवतापावर क्विनाईन मिळाले, त्यामुळे ते आतल्या जंगलात तग धरू लागले. वाफेच्या बोटी नद्यांतून वर जाऊ लागल्या. आणि १८८४ साली मॅक्झिमने एका दमात शेकडो गोळ्या झाडणारी तोफबंदूक काढली. भाले आणि जुन्या ठासणीच्या बंदुका तिच्यापुढे काय टिकणार?

एका राजाची खासगी मालमत्ता

बेल्जियम हा चिमुकला देश. १८६५ साली तिथे दुसरा लिओपोल्ड गादीवर आला. त्याला वसाहत हवी होती, पण त्याच्या देशाच्या सरकारला त्यात रस नव्हता. मग राजाने स्वतःच्याच नावाने खटपट सुरू केली. १८७६ मध्ये ब्रुसेल्सला परिषद भरवून त्याने जाहीर केले, की आफ्रिकेत विज्ञान न्यायचे आहे, गुलामांचा व्यापार बंद पाडायचा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे हेन्री स्टॅनली या प्रवाशाला त्याने कामाला लावले. १८७९ ते १८८४ या काळात कांगो नदीच्या काठी त्याने ठाणी उभारली आणि शेकडो गावप्रमुखांकडून करारांवर खुणा करून घेतल्या. वाचता न येणाऱ्या माणसाने परक्या भाषेतल्या कागदावर खूण करायची, आणि कापडाच्या तुकड्यांच्या, दारूच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन गमवायची! कागदावरचा अंगठा म्हणजे काय, ते आपल्या आजोबा-पणजोबांना वेगळे सांगायला नको.

मग नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनला चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि आफ्रिकेवर हक्क सांगण्याचे नियम त्यांनी ठरवले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. त्याच सुमारास बेल्जियमच्या सत्तर पटींहून मोठा मुलूख लिओपोल्डच्या पदरात पडला. त्याचे नाव ठेवले ‘कांगो स्वतंत्र राज्य’. या ‘स्वतंत्र’ राज्यात राजाने आयुष्यात एकदाही पाऊल ठेवले नाही. ज्या जमिनीवर वस्ती किंवा पीक दिसत नाही ती सरकारची, असा हुकूम १८८५ मध्येच निघाला. म्हणजे लोकांचे जंगल, शिकार आणि कंदमुळे एका सहीने राजाची झाली.

रबराचे दिवस

आधी हस्तिदंत होते. पण १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला सायकलचा टायर काढला आणि रबराला सोन्याचा भाव आला. आशियात रबराच्या बागा लावल्या जात होत्या, पण झाडे चिकावर यायला काही वर्षे लागणार होती. ती तयार झाली की भाव पडणार हे राजाला ठाऊक होते. म्हणून तेवढ्या वर्षांत कांगोच्या जंगली वेलींतून मिळेल तेवढे पिळून घ्यायचे, असा हिशेब होता.

वेलीचा चीक काढायला पुरुषांना कित्येक दिवस जंगलात राहावे लागे. चीक अंगावर चोपडून सुकवायचा आणि मग केसांसकट ओढून काढायचा. असे काम राजीखुशीने कोण करील? म्हणून सैनिक गावात येत आणि बायकांना धरून कोंडत. नवऱ्याने ठरलेले रबर आणले तर बायको सुटणार. कित्येक जणी कोंडवाड्यातच उपाशी मेल्या. रबर कमी भरले तर पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक होता. गावाने नकार दिला तर गोळ्या होत्या. गोळी वाया घालवली नाही याचा पुरावा म्हणून सैनिकाने मेलेल्याचा उजवा हात कापून आणायचा. शिकारीत गोळी उडवली असेल, तर हिशेब जुळवायला जिवंत माणसाचा हात तोडला जाई. १८९९ मध्ये विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन पाद्र्याने एका तळावर धुरावर सुकवलेले ८१ उजवे हात स्वतः मोजले.

पुरुष जंगलात, बायका कोंडवाड्यात, मग शेत कोण करणार? दुष्काळ पडला, निद्रारोगाने माणसे पटापट गेली, पाळणे हलेनासे झाले. त्या वेळी शिरगणती नव्हती, पण चाळीसेक वर्षांत लोकसंख्या निम्म्यावर आली असे काही इतिहासकारांचे अनुमान आहे.

लोकांनी हे मुकाट सोसले असे समजू नका. गावेच्या गावे जंगलात निघून गेली. १८९५ मध्ये लुलुआबुर्ग येथे आणि १८९७ मध्ये पुन्हा, राजाच्याच फौजेतले आफ्रिकन शिपाई बंड करून उठले.

उपकाराची भाषा

एवढे करूनही ही माणसे रात्री झोपत कशी? कारण त्यांनी समर्थन आधीच तयार ठेवले होते. हे लोक रानटी आहेत, आम्ही त्यांना सुधारतो. हे आळशी आहेत, आम्ही त्यांना श्रमाची सवय लावतो. काही विद्वान तर कवट्या मोजून गोरा वंश जन्मानेच श्रेष्ठ असल्याचे सांगत होते. माणसाची योग्यता जन्मावर ठरवली की त्याच्या श्रमावर हक्क सांगणे सोपे जाते. हा डाव आपल्या वाचकांना नवा नाही.

पण या समर्थनाचा खोटेपणा त्यांच्याच कृतीतून दिसतो. गुलामांचा व्यापार बुडवायला निघालेल्या लिओपोल्डने १८८७ मध्ये टिप्पू टिप या गुलामांच्या बड्या व्यापाऱ्यालाच स्टॅनली फॉल्सचा गव्हर्नर नेमले! आणि १८९७ च्या प्रदर्शनात २६७ कांगोवासीयांना बेल्जियमला नेऊन लोकांच्या करमणुकीसाठी मांडले. त्यांतले सात जण तिथेच मेले.

वाचा कोणी फोडली?

पहिला आवाज उठवला जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकाराने. कांगो पाहून त्याने १८९० साली राजाला उघडे पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी तो वारला. नंतर ई. डी. मोरेल या जहाज कंपनीतल्या कारकुनाच्या एक गोष्ट लक्षात आली. कांगोहून येणाऱ्या बोटी रबर आणि हस्तिदंताने भरलेल्या असत, पण तिकडे जाताना त्यांत विकायचा माल जवळजवळ नसे. असत त्या बंदुका आणि काडतुसे. मग रबराची किंमत चुकते कशाने? किंमत चुकतच नाही, ही सक्तीची मजुरी आहे, हे त्याने नोंदवहीवरून ओळखले. नोकरी सोडून त्याने चळवळ उभी केली. १९०४ मध्ये ब्रिटिश वकील रॉजर केसमेंटचा अहवाल आला. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईने काढलेली छायाचित्रे गावोगावच्या सभांतून दाखवली गेली. त्यांतल्या एकात एक बाप आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हातापायाकडे बघत बसला आहे.

राजाला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढे लोन्टुलू नावाचा एक गावप्रमुख आला. त्याने टेबलावर ११० काटक्या ठेवल्या. एक काटकी म्हणजे रबरापायी मेलेले एक माणूस. मानकरी, पुरुष, बायका आणि मुले असे चार ढीग त्याने केले आणि एकेक काटकी उचलून मेलेल्याचे नाव सांगितले. आयोगाने अत्याचार मान्य केले, पण या साक्षी छापल्या नाहीत. १९८० नंतरच्या दशकापर्यंत त्या ब्रुसेल्सच्या दप्तरखान्यात बंद होत्या.

१९०८ मध्ये कांगो राजाकडून बेल्जियम सरकारकडे गेला. त्याआधी राजाने आठ दिवस कागदपत्रे जाळली. आणि त्यागाबद्दल कृतज्ञता म्हणून राजालाच ५ कोटी फ्रँक मंजूर झाले! ३० जून १९६० रोजी कांगो स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचा जानेवारी १९६१ मध्ये खून झाला. त्यांच्या देहाचा उरलेला एक दात बेल्जियमने परत दिला तो २०२२ मध्ये. बेल्जियमच्या राजाने २०२० साली खेद व्यक्त केला, माफी मात्र मागितली नाही.

मोबाईलच्या बॅटरीत जो कोबाल्ट लागतो, त्यातला जगातला निम्म्याहून अधिक आज कांगोच्याच खाणींतून निघतो. म्हणून ही हकिगत जुनी झाली असे आम्ही म्हणत नाही. कोणी तुमच्या भल्याच्या गोष्टी सांगत जमीन मागायला आला, तर त्याचे भाषण ऐकण्याआधी मोरेलसारखे त्याच्या बोटीत काय चढते आणि काय उतरते ते मोजा. आणि मुलांना हे वाचून दाखवाल, तेव्हा लोन्टुलूच्या काटक्या जरूर सांगा. ज्याला लिहिता येत नव्हते, त्याने आपल्या माणसांचा हिशेब असा ठेवला होता.