मेंदूच्या टोकाशी वीज किती बनवायची, हे कोण ठरवतं?

क्युपर्टिनोत राहत असाल किंवा पाहुणे म्हणून गेला असाल, तर ॲपल पार्कची ती गोल इमारत तुम्हाला माहीत असेल. तिच्या छपरावर 17 मेगावॅटचे सोलर पॅनल आहेत. वीज लागते तिथेच बनवायची, एवढा साधा विचार. तुमच्या चेतापेशींनी तो केव्हाच अमलात आणलाय, आणि त्यांची अडचण ॲपलपेक्षा मोठी आहे.

चेतापेशीचं केंद्रक एका जागी असतं आणि तंतू लांबवर गेलेला. कण्यातून पायाकडे जाणारा तंतू तर जवळजवळ 1 मीटरचा. पेशीतली जलद वाहतूक सेकंदाला साधारण 1 मायक्रोमीटर धरा. म्हणजे टोकापर्यंत पोहोचायला दहा लाख सेकंद, साडेअकरा दिवस, तेही न थांबता. मायटोकॉन्ड्रिया थांबत थांबत, कधी उलटेसुद्धा फिरत जातात (जुन्या पॅसेंजर गाडीसारखे). मेंदूतले तंतू आखूड असले तरी त्यांना फांद्या भरपूर, आणि प्रत्येक टोकाला ऊर्जा आत्ता हवी असते.

मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःचा डीएनए असतो, आणि तो आईकडून येतो. आडनाव वडिलांचं लावत असाल, पण ही 16,569 अक्षरं आईच्या आईच्या आईची. त्यात 37 जनुकं, आणि प्रथिनं बनवणारी फक्त 13. बाकीची हजारावर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. खरी गंमत इथे आहे. ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रांपैकी चार यंत्रांचे सुटे भाग दोन्हीकडून येतात. पुरण एका घरी शिजतंय आणि कणीक दुसऱ्या घरी मळली जातेय असं समजा. प्रमाण चुकलं की पोळ्या होत नाहीत आणि उरलेलं टाकून द्यावं लागतं.

हा मेळ बसवणारा एक मुख्य निरोप्या म्हणजे टीफॅम नावाचं प्रथिन. पीजीसी-1 अल्फा आणि एनआरएफ हे केंद्रकातले नियंत्रक त्याचं जनुक चालू करतात. टीफॅम मायटोकॉन्ड्रियात शिरतं, डीएनए गुंडाळून ठेवतं आणि वाचन सुरू करायला मदत करतं. पण हे वाचन विचित्र असतं. जनुकं सुटी सुटी वाचली जात नाहीत, एक लांबलचक आरएनए निघतो आणि नंतर तो कापला जातो. मधले टीआरएनए जणू विरामचिन्हं, कात्री तिथे चालते. हे 1981 मध्ये कॅल्टेकच्या जुझेप्पे अट्टार्डी यांच्या गटाने मांडलं. त्यामुळे एखादंच जनुक जास्त वाचणं अवघड. नियंत्रण बऱ्याच अंशी पुढच्या टप्प्यांवर येतं: कुठला आरएनए किती टिकतो, त्यावरून प्रथिन किती बनतं.

टोकांमधलं हे काम तपासायचं कसं? मेंदू साखरेच्या द्रावणात हलक्या हाताने घुसळला की टोकं तुटतात आणि स्वतःच बंद होतात. आत मायटोकॉन्ड्रिया अडकलेले. या पिशव्यांना सायनॅप्टोझोम म्हणतात. मग त्यात क्लोरॅम्फेनिकॉल घातलं की मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिननिर्माण थांबतं, सायक्लोहेक्झिमाइड घातलं की बाहेरचं. कुठल्या घरी काय शिजतंय ते वेगळं कळतं. मला ही युक्ती फार आवडते. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांवर ती वापरता येते, कारण उंदरांमध्ये जोडण्या जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत धडाधड बनतात.

हुकूम येतो मागणीवरून. मार्गारेट वाँग-रायली यांनी 1979 मध्ये मांजरांचा एक डोळा बंद ठेवल्यावर, त्या डोळ्याशी जोडलेल्या भागांत सायटोक्रोम ऑक्सिडेझ कमी झालेलं दाखवलं. या एन्झाइमचे तीन भाग मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांवरून येतात.

आता मुंबईला या. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य आणि उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटांनी 2019 मध्ये दाखवलं, की सेरोटोनिन दिल्यावर उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतल्या चेतापेशींमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आणि एटीपी दोन्ही वाढतात. वाट अशी: 5-एचटी2ए ग्राहक, मग सर्ट-1, मग आपला तो पीजीसी-1 अल्फा. म्हणजे ज्या सेरोटोनिनला आपण मूडचं रसायन म्हणतो, ते पेशीच्या वीजखात्यातही हात घालतं. प्रयोग अख्ख्या पेशींवरचा आहे, फक्त टोकांवरचा नाही, हे लक्षात ठेवा.

पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू शरीराच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे 43 टक्के खातो. त्यामुळे इथे एक अक्षर चुकलं तरी महागात पडतं. 3243 व्या जागी ए ऐवजी जी आला की एक टीआरएनए बिघडतो आणि तेराही प्रथिनांचं काम रेंगाळतं. त्यातून मेलास हा आजार होऊ शकतो, ज्यात कोवळ्या वयात पक्षाघातासारखे झटके येतात. पण प्रत्येक पेशीत बिघडलेल्या आणि चांगल्या प्रतींचं मिश्रण वेगळं असतं. म्हणून एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकाला फक्त मधुमेह आणि कमी ऐकू येणं, तर दुसऱ्याला शाळेच्या वयातच झटका, असंही घडतं.