दुष्काळ जाहीर कोण करतो? शासनाचा अधिकार व गावाचे कर्तव्य

पाऊस ओढ धरतो, पिके माना टाकतात आणि चावडीवर एकच प्रश्न निघतो : आपल्या गावी दुष्काळ अजून जाहीर का होत नाही? काही गावी ग्रामसभा तसा ठराव करते आणि काम झाले असे समजून स्वस्थ बसते. म्हणून हा अधिकार कोणाचा व गावाच्या हाती काय आहे, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दुष्काळ जाहीर करण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. ग्रामपंचायतीस किंवा जिल्हा परिषदेस तो नाही. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे प्रथम पर्जन्यमान पाहतात. नंतर पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, पिकांची स्थिती व पाणीसाठा तपासतात. शेवटी तालुक्यातील दहा टक्के गावे निवडून शेतात प्रत्यक्ष पाहणी होते. घोषणा झाल्यावर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत व परीक्षाशुल्काची माफी इत्यादी सवलती मिळतात.

परंतु तालुका हे माप मोठे आहे. एकाच तालुक्यात नदीकाठचे गाव हिरवे असते, तर माळावरचे करपून गेलेले असते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढे कमी पावसाची २६८ महसुली मंडळे जोडली गेली. तरीही काही गावे बाहेरच राहिली. त्यांपैकी ९३१ गावांत जानेवारी २०१९ मध्ये दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली, ती त्यांची पैसेवारी ५० पैशांहून कमी भरली म्हणून.

पैसेवारी म्हणजेच जुनी आणेवारी होय. पीक कापणी प्रयोगात आलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडून ती काढतात. हे काम गावच्या शिवारातच होते व गावच्या समितीत सरपंच आणि शेतकरीही असतात. म्हणून कापणीच्या दिवशी शेतकऱ्यांनी स्वतः हजर राहावे. निवडलेला तुकडा बदलू देऊ नये, वजन डोळ्यांदेखत करावे आणि आकडा चुकीचा वाटल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी. खोटा कमी आकडाही लिहवू नये. एका गावाचा खोटेपणा उघडकीस आला की शेजारच्या खऱ्या आकड्यावरही संशय येतो.

पूर किंवा आग यांची गोष्ट वेगळी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणास बचावकार्याचे अधिकार दिले आहेत. माणसे हलविणे, रस्ते बंद करणे यासाठी राज्याच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही. पाणी ओसरताच मात्र पंचनामा करून घ्यावा. ३३ टक्के वा अधिक पीकहानी नोंदली गेली तरच शेतकरी मदतीस पात्र ठरतो.

घोषणा मंत्रालयात होते, पण तिचा आधार शिवारात तयार होतो. तो खरा व वेळेवर तयार करणे हे गावाचे काम आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती येत्या ग्रामसभेत अवश्य वाचून दाखवावी.