पॅनेलला भोक पाडण्याआधी

1962 साली पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला, जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात, फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल सुरू झाली. मार्शल स्वतः ड्रमवादक. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवाल्यांना अमेरिकेहून आलेला महागडा माल परवडत नसे. दुरुस्ती पाहणारे केन ब्रॅन आणि त्यांचे तरुण सोबती डडली क्रेव्हन यांनी बासमनचं सर्किट जवळजवळ तसंच उचललं, भाग मात्र इंग्लंडात मिळतील ते घातले. पहिल्या टप्प्याला जास्त जोर देणारा ईसीसी 83 व्हॉल्व्ह आला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर निराळा आला. उघड्या पाठीच्या खोक्याऐवजी बंद खोक्यात बारा इंची चार स्पीकर बसले. आवाज लवकर फाटू लागला, आणि गिटारवाल्यांना तोच हवा होता! हा जेटीएम 45. ज्यांचं सर्किट घेतलं ते लिओ फेंडरही कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्त करणारेच. गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास कारखान्याआधी दुरुस्तीच्या टेबलावर घडला, असं माझं ठाम मत आहे.

पुढची पायरीही तिथलीच. 1960चं दशक सरताना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या चिमुकल्या ‘प्रिन्स्टन’मध्ये बासमनचं सर्किट आणि बारा इंची स्पीकर कोंबला. गिटारवादक कार्लोस सँटाना यांनी तो वाजवून जी दाद दिली, तिच्यातूनच त्या अ‍ॅम्प्लिफायरचं ‘बूगी’ हे नाव आलं.

1965मध्ये सीबीएसने फेंडर विकत घेतली. 1968च्या सुमारास अ‍ॅम्प्लिफायरचं काळं पॅनेल रुपेरी झालं आणि हळूहळू सर्किटही बदललं. मग कारागीर ते पुन्हा काळ्या पॅनेलच्या काळासारखं करून देऊ लागले. 1970 आणि 80च्या दशकांत मात्र हात मोकळे सुटले. पॅनेलला भोक पाडून मास्टर व्हॉल्यूम बसवायचा, आणखी एक व्हॉल्व्ह घुसवायचा. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी व्हेरिअ‍ॅक लावून अ‍ॅम्प्लिफायरला मिळणारा वीजदाबच उतरवला. त्यात एकही भोक पडलं नाही, म्हणून ती युक्ती मला फार आवडते.

याच काळात पश्चिमेकडचे व्हॉल्व्हचे मोठे कारखाने बंद पडत गेले. आज नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले जुने ईसीसी 83ही गिटारवाले हौसेने शोधतात. जे दुर्मीळ झालं त्याची किंमत कळली, आणि भोकं पाडलेले अ‍ॅम्प्लिफायर मूळ रूपात आणण्याचं काम वाढलं. सर्किट परत आणता येतं, पत्र्याचं भोक बुजत नाही.

म्हणून माझा निकाल सरळ आहे. वीजपुरवठ्यातले जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, ते बदलावेत. दोन पिनांच्या वायरीऐवजी अर्थिंगसह तीन पिनांची घालावी आणि मेनपासून चेसिसला जोडलेला कंडेन्सर काढून टाकावा. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांना हात लावणाऱ्या वादकाच्या जिवावर बेततं. बाकीचे भाग मोजून पाहावेत, बिघडलेला असेल तेवढाच बदलावा.

तुमच्याकडे असा अ‍ॅम्प्लिफायर आला तर एवढं करा : प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये 400 व्होल्टपेक्षा जास्त दाब साठलेला असू शकतो, तो आधी उतरवा, आणि मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत भरून खोक्याच्या तळाशी ठेवा. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला तो लागेल.