आर्यभट, २५ पैसे आणि सूरजागडच्या वाटेवरची पत्रं

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या शिवारांत गोल टाक्याही सापडल्या. हे अवशेष चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. अंतराळयुगाची खूण या जंगलपट्ट्यात इतक्या धडाक्यात प्रथमच उतरली. त्याआधीच्या खुणा टपालाच्या थैलीतून, गाजावाजा न करता आल्या होत्या. त्यांच्या मोलाबद्दल हा लेख आहे.

माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यावर २० पैशांचं तिकीट काढलं. १९७२ मध्ये आर्वीच्या उपग्रह भूकेंद्राचं तिकीट आलं. ही आर्वी वर्धा जिल्ह्यातली नव्हे, पुणे जिल्ह्यातली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला, अंतराळशास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, त्यांचं तिकीट निघालं. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून झेपावला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं २५ पैशांचं तिकीट विक्रीला आलं. म्हणजे उपग्रह उडण्याआधीच नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात तिकिटं छापून तयार असणार. १९८२ मध्ये ‘ॲपल’ उपग्रहाचं आणि ३ एप्रिल १९८४ रोजी, अंतराळवीर राकेश शर्मांच्या उड्डाणाच्या दिवशीच, भारत-सोव्हिएत अंतराळ मोहिमेचं तिकीट प्रसिद्ध झालं.

ही तिकिटं आता घरात सापडली तर त्यांची किंमत काय येईल? कोरी, गोंद शाबूत असलेली सुटी तिकिटं फारशी दुर्मीळ नाहीत. ती लाखांनी छापली गेली आणि हौशी लोकांनी जपूनही ठेवली. परदेशी तिकिटांचं गणितही असंच आहे. स्पुटनिक उडाल्यावर साधारण महिन्याभराने सोव्हिएत संघाने त्याचं तिकीट काढलं. पुढे हंगेरी, पोलंड, रुमानिया आणि आखातातल्या अजमान, फुजैरासारख्या छोट्या अमिरातींनी रॉकेटांची रंगीत तिकिटं भराभर छापली. त्यांतली बरीचशी छापखान्यातच शिक्का मारून संग्राहकांना पाकिटांतून विकली गेली. शिक्का आहे आणि मागचा गोंदही तसाच आहे, असं तिकीट दिसलं की ते पत्रावर कधी बसलंच नव्हतं, हे ओळखावं.

भाव येतो तो प्रवासाला. कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथ यांनी १९३४ ते १९४४ या काळात रॉकेटमधून टपाल पाठवण्याचे प्रयोग केले. १९३५ मध्ये सिक्कीममध्येही त्यांची रॉकेटं उडाली. त्या रॉकेटांतून गेलेली पत्रं आजही जगभरचे संग्राहक शोधतात. १९९२ मध्ये टपाल खात्याने स्मिथ यांच्यावरही तिकीट काढलं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी परवानगीशिवाय ३९८ पाकिटं चंद्रावर नेली आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. पाकीट चंद्रावर जाऊन आलं, एवढ्यावरच त्याला पैसा मिळणार होता.

या कसोटीवर सूरजागडचा परिसर पाहावा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातली ही डोंगररांग माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाची जागा आहे. आज तिचं नाव लोहखनिजाच्या खाणीमुळे सर्वत्र ऐकू येतं. चंद्राचं आणि आर्यभटचं तिकीट निघालं तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. साध्या पाकिटाला त्या काळी आधी २० आणि मग २५ पैसे लागत, म्हणजे चंद्राचं किंवा आर्यभटचं एकच तिकीट लावून पत्र जाई. आलापल्लीच्या वन खात्यातले कर्मचारी, दुर्गम शाळांतले शिक्षक, १९७३ मध्ये हेमलकशात सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाशी जोडलेली माणसं यांच्यासाठी पत्र हाच बाहेरच्या जगाशी धागा होता. ‘एटापल्ली, जि. चंद्रपूर’ असा पत्ता, आर्यभटचं तिकीट आणि त्यावर स्पष्ट तारखेचा शिक्का असं पाकीट कुणाच्या ट्रंकेत असेल, तर टपाल इतिहासाच्या अभ्यासकाला ते सुट्या कोऱ्या तिकिटापेक्षा कितीतरी मोलाचं वाटेल. कोरं तिकीट कुठेही मिळतं. हे पाकीट त्या एकाच वाटेने आलेलं असतं.

म्हणूनच सर्वांत मोठं नुकसान कात्रीने होतं. पाकिटावरून तिकीट कापून किंवा पाण्यात भिजवून काढलं की शिक्का, पत्ता आणि दर यांचा एकमेकांशी असलेला संबंध तुटतो. सेलोटेप लावू नये. तिचा डाग कागदात मुरतो. या भागातल्या पावसाळ्यात ओल, कसर आणि वाळवी तिन्ही कागदावर तुटून पडतात. त्यामुळे पाकिटं प्लास्टिकमध्ये घट्ट कोंडू नयेत. आम्लरहित कागदात, जमिनीपासून उंच आणि कोरड्या जागी ठेवावीत.

विकायचं असेल तर घाई करू नये. आधी पत्र वाचावं. कुणी, कुणाला, कोणत्या कामासाठी लिहिलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावं आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. ही माहिती सोबत असेल तर जाणकार ग्राहक जास्त पैसे मोजतो. शिवाय पाकीट घराबाहेर गेलं तरी खाणीआधीच्या सूरजागडची एक नोंद तिथल्याच माणसांकडे राहते.