आधी सांगा, मग बघा
(पडद्यापलीकडचा वर्ग : लेखांक ४)

रणजितसिंह डिसले गुरुजींचे शनिवार-रविवार अनेकदा परदेशी वर्गांत गेले, तेही घर न सोडता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या या शिक्षकाने घरातच छोटी प्रयोगशाळा उभारली आणि तिथून विज्ञानाचे प्रयोग थेट दाखवले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्या वेळी हा पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनने दिलेल्या माहितीत ८३ देशांतले १,४०० हून अधिक वर्ग आणि ८५,००० हून अधिक विद्यार्थी असा आकडा होता. दहा लाख डॉलरच्या पुरस्काराची बातमी आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटण्याची गुरुजींची घोषणा, दोन्ही जगाने पडद्यावरच पाहिल्या.

प्रयोगात एक सोय असते : पुढे काय होणार, हे बघणाऱ्याला ठाऊक नसते. ऑनलाइन सादरीकरणातल्या स्लाइडवर मात्र सगळे मुद्दे एकदम झळकतात, वाचून होतात, आणि मग वक्ता तेच मोठ्याने वाचतो. तेवढ्यात समोरच्याचे तीन मेल उघडून झालेले असतात.

पण नुसता प्रयोग दाखवूनही भागत नाही. हार्वर्डमधल्या कॅथरीन क्राऊच, एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी प्रयोग फक्त पाहिला, त्यांची समज प्रयोग मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा फारशी बरी निघाली नाही. काय होईल याचा अंदाज आधी नोंदवून मग प्रयोग पाहणाऱ्यांना मात्र तो खरोखर कळला. अंदाज बांधायला मिनिट-दोन मिनिटे पुरतात. एवढ्या स्वस्तात एवढा फरक पाडणारे दुसरे साधन अध्यापनात क्वचितच सापडेल.

उदाहरणार्थ, ऑनलाइन वर्गात पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवायचे, हाताने दाबून पेला उलटा करायचा आणि हात काढण्याआधी विचारायचे, ‘पाणी सांडेल का?’ चॅटमध्ये उत्तर लिहून ठेवा, पण ‘पाठवा’ म्हटल्याशिवाय पाठवू नका, एवढीच अट. ही अट महत्त्वाची. नाहीतर पहिल्या हुशार मुलाचे उत्तर दिसते आणि बाकीचे तेच गिरवतात. सगळी उत्तरे एकदम आली की शिक्षकालाही कळते, घोळ नेमका कुठे आहे.

हे वर्गाबाहेरही चालते. पुण्याजवळच्या हिंजवडीच्या आयटी पार्कचेच घ्या. घरातल्या टेबलावरून सादरीकरण करणे या पट्ट्यात आता नवलाचे राहिलेले नाही. तिथे पेला आणि पोस्टकार्ड नसेल, पण आलेख असतो. विक्रीचा आलेख दाखवण्याआधी ‘दिवाळीनंतरच्या महिन्यात आकडा वर गेला असेल की खाली?’ असे विचारले, की तोच आलेख लोक डोळे ताणून बघतात. ज्याने अंदाज लिहिला, त्याला तो खरा ठरला की नाही हे बघायचेच असते.

पण प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबताना बहुतेकांचा धीर सुटतो. कीर्तनात बुवा थांबले की टाळकरी गजर उचलून धरतात. पडद्यावर थांबले की सन्नाटा! अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजून पाहिले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरे लांबली आणि गप्प राहणारी मुले कमी झाली. ही मोजणी समोरासमोरच्या वर्गातली. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायला लागणारा वेळ, म्यूट काढणे, मोबाइलवर मराठी टंकताना होणारी कसरत, हे सगळे त्यात मिळवावे लागते. दहा सेकंद मनात मोजणे जड जाते, म्हणून काही जण पाण्याचा घोट घेतात. उपाय साधा आहे, चालतो.

अर्थात असे चार प्रश्न घ्यायचे तर अर्ध्या तासाच्या सादरीकरणातल्या आठ-दहा स्लाइड गाळाव्या लागतात. कोणत्या गाळायच्या, हे पुढच्या आठवड्यात. सुरुवात ‘आमच्याविषयी’ या स्लाइडपासून.